भैरूची आई कोल्हापुरात

पुणं सोडलं तेव्हा मेहरीखानम मागच्या सीटवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. (खानम म्हणजे बाई, इराणात नावापुढे आदराने लावतात.) मी त्यांच्या शेजारी, आणि पुढे आमचा नेहमीचा ड्रायव्हर. खंबाटकीचा घाट उतरल्यावर त्यांनी विचारलं, "बेहरोज याच रस्त्याने गेला असेल का?" मी म्हटलं, कोल्हापूरला जायला हाच रस्ता आहे. मग त्यांनी काच खाली केली आणि तोंड बाहेर करून बसल्या.

बेहरोज त्यांचा मोठा मुलगा, पैलवान. जत्रांच्या हंगामात कोल्हापूरच्या मैदानांत बाहेरदेशचे मल्ल लढायला येतात, तसा तो लागोपाठ दोन वर्षं आला होता आणि एका तालमीतच राहिला होता. मग तो घरी परतला. त्या हिवाळ्यात त्यांच्या शहरात लोक धर्मगुरूंच्या राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले, तोही उतरला, आणि कुठल्याशा छपरावरून आलेली गोळी त्याला लागली. प्रेत मिळालं ते अटींवर. पहाटे पुरायचं, गर्दी करायची नाही, मोठ्याने रडायचं नाही. चाळिसाव्या दिवशी त्यांच्याकडे सगळी बिरादरी जमते, तेही करू दिलं नाही.

त्यांची मुलगी नस्रीन पुण्यात शिकायला आली आणि इथेच नोकरीला लागली. ती माझ्या शेजारच्या इमारतीत राहते. मी निवृत्त होईपर्यंत फारसी शिकवत होते, त्यामुळे ओळख झाली होती. आई तिच्याकडे आली आणि आल्या आल्या म्हणाली, मला माझा मुलगा जिथे राहायचा ते घर बघायचंय. नस्रीनचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. तिने मला विचारलं. मी हो म्हटलं.

माझी फारसी मात्र जुन्या कागदपत्रांची. जन्मभर मी मराठेशाहीतली पत्रं वाचण्यापुरतीच ती शिकवली. कऱ्हाडजवळ मी त्यांना विचारलं, दमलात का? त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. "खानम, तुम्ही मला चहाला थांबवताय की बादशहापुढे हजर करताय?" त्यानंतर मी साधे शब्द वापरू लागले, आणि अडलं की त्या दुरुस्त करू लागल्या.

पेठ वडगाव फाट्याच्या अलीकडे एका गुऱ्हाळाशी (उसाचा रस आटवून गूळ करतात ती जागा) थांबलो. रसाच्या काहिलीतून वाफा येत होत्या. मालकाने वाटीत काकवी दिली. खानमनी बोट बुडवून चाखली आणि म्हणाल्या, आमच्याकडे द्राक्षांची अशीच करतात. मालकाने विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?" मी इराण सांगितलं. तो माणूस रोज बातम्या बघणारा निघाला. हातातला झारा खाली ठेवून तो सरळ म्हणाला, "मग मावशी, अमेरिकेनं येऊन सोडवायला पायजे की तुमास्नी. न्हायतर तुमचं तुमास्नी जमतंय व्हय?"

प्रश्न आडदांड होता, पण विचारण्यात वाईट भाव नव्हता. मी तो तसाच फारसीत सांगितला. खानमनी वाटी खाली ठेवली. त्यांनी जे सांगितलं ते मी वाक्यावाक्याला थांबून मराठीत करत गेले.

त्यांच्या घरात या प्रश्नावर रोज भांडण व्हायचं. बेहरोज म्हणायचा, हे राज्य करणारे आपल्या हातांनी हलणार नाहीत, बाहेरून कुणीतरी यायला हवं. धाकटा फरहाद म्हणायचा, बाहेरचे येतील ते स्वतःसाठी येतील, आपल्यासाठी नाही. एकदा तर ताटं तशीच टाकून दोघं उठले. पुढे एकदा खरंच बाहेरची विमानं आली, बॉम्ब पडले. खानम गच्चीवर गेल्या. मनात आलं, आता या राजवटीचा शेवट झाला, आणि बरं वाटलं. मग भट्टीच्या गल्लीकडून धूर वर येताना दिसला, आणि या वेळेला तिथे पावाच्या रांगेत कोण कोण उभं असतं ते त्या आठवू लागल्या.

"दोघांपैकी कोण बरोबर होता?" मालकाने विचारलं.

खानम म्हणाल्या, "एक मेला. दुसरा घरात बोलत नाही. मी काय सांगू?"

मालकाने गुळाची एक ढेप कागदात बांधून गाडीत आणून ठेवली.

कोल्हापुरात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. जेवायला तांबडा-पांढरा रस्सा होता. तांबड्याचा एक घोट घेताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि वाढणारा माणूस घाबरून दही घेऊन धावला. पांढरा मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला. मुलगा फोनवर पांढऱ्या सुपाबद्दल सांगायचा, ते हेच का, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं, पण दुसरं काय असणार?

तालीम एका जुन्या पेठेत आहे. तिचे वस्ताद, ज्यांना सगळे आबा म्हणतात, दारात उभे होते. सत्तरीपुढचे, कान मुडपलेले, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. त्यांनी खानमना वाकून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे बघून अडखळले. बायकांना हौद्यात (कुस्तीच्या लाल मातीच्या खड्ड्यात) सोडत नाहीत, हे त्यांना सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. मी सांगितलं. खानमनी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्याकडे बायकांना स्टेडियममध्ये सोडत नाहीत, बेहरोज लढायचा तेव्हाही मी बाहेरच असायचे, मला दारात उभं राहायची सवय आहे. हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. पण आबांनी आत बोलावलं नाही, आणि खानमनीही ते मागितलं नाही.

आबांनी उंबऱ्यावर सतरंजी टाकली. ते आत, आम्ही बाहेर, असे बसलो. बेहरोज हे नाव इथे कुणाच्या जिभेवर बसलं नाही, पहिल्याच आठवड्यात त्याचा भैरू झाला, असं आबांनी सांगितलं. भैरू कसा खायचा, थंडाईला नाकं कशी मुरडायचा, पहिल्या मैदानात हलगी ऐकून कसा दचकला होता. मी फारसीत करत होते आणि खानम ओठ दाबून ऐकत होत्या. मधेच आबा सहज म्हणाले, "रमजानात लई हाल व्हायचं त्याचं. रोजं धरायचा न्हवं."

मी ते सांगताच खानमनी माझा हात धरला. "परत विचारा. त्यांचं काहीतरी चुकतंय."

बेहरोजने घरी सोळाव्या वर्षापासून एकही रोजा ठेवला नव्हता. त्यावरून आईशी त्याचे कितीतरी खटके उडाले होते, कारण खानम स्वतः श्रद्धाळू आहेत. आबांना मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, त्यांनीही त्याला एकदा हटकलं होतं. उपाशीपोटी मेहनत करून चक्कर येऊन पडला तर? तेव्हा भैरूने मोडक्यातोडक्या हिंदीत उत्तर दिलं होतं.

"मला म्हणाला, वस्ताद, तिकडं जबरदस्ती हाय म्हणून धरत न्हाय. हितं कोण सांगत न्हाय म्हणून धरतोय. मग म्या काय बोलणार? पहाटं उठून त्याला दूध तापवून द्यायचो."

खानमनी डोक्यावरचा रुमाल तोंडापर्यंत ओढला आणि तिथेच, भर रस्त्याला लागून, मोठ्याने रडल्या. येणारे जाणारे थांबले. आबांनी कुणाला पांगवलं नाही. तालमीतले चार-पाच मल्ल अंगावरच्या मातीसकट आतल्या बाजूला भिंतीशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी वडगावच्या बाजूच्या एका गावात जत्रेचं मैदान होतं. कुस्त्या सुरू होण्याआधी भैरूचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी उभं राहायचं, असं आबांनी ठरवलं होतं. खानमना तेच हवं होतं. जिथे लोक जमले आहेत अशा जागी मुलाचं नाव. पण त्यांची एक अट होती. खरं नाव नको, शहर नको, त्यांचा फोटो नको. फरहाद तिथेच आहे. आबा म्हणाले, आमच्यासाठी तो भैरूच होता, आम्ही भैरूच म्हणू.

चारी बाजूंनी माणूसच माणूस होता. झाडांवर, ट्रॉल्यांवर, शाळेच्या कौलांवर. आम्हाला स्टेजच्या कडेला खुर्च्या दिल्या होत्या. आबा माइककडे निघाले, तेवढ्यात मैदानाला मदत करणारे एक पुढारी उठले आणि दोन शब्द बोलतो म्हणाले. आबांना थांबावं लागलं.

सुरुवात बरी होती. मग त्यांचा आवाज चढला. या धर्माने स्वतःच्या पोरालाही सोडलं नाही, असं ते म्हणाले. तो धर्म आपल्याही गल्लीत आहे, ध्यानात ठेवा, असं म्हणाले. जगातल्या बलाढ्य देशांनी जाऊन तिथलं सगळं भाजून काढायला हवं, असंही म्हणाले. लोक शिट्ट्या मारू लागले. मग "ही बघा त्या वीराची आई" म्हणत त्यांनी आमच्याकडे हात केला, आणि कितीतरी फोन आमच्याकडे वळले.

खानमनी मला विचारलं, काय म्हणतोय? क्षणभर वाटलं, सांगावं की तुमच्या मुलाची स्तुती करतोय. पण त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर होती. मी सगळं सांगितलं.

त्यांनी रुमालाने चेहरा झाकला. मग आबांकडे बोट करून म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, काल मला सांगितलंत ते यांना सांगा."

आबांनी पुढाऱ्याच्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, पण मागितलाही नाही.

"भैरू आमच्या तालमीत रोजं धरायचा," ते म्हणाले. "म्या त्याला पहाटं दूध तापवून द्यायचो. त्याला धर्मानं मारलं न्हाय, बंदुकीनं मारलं. बंदूक धरणारा कुठल्याबी धर्माचा असतोय. ज्यास्नी भैरूची कुस्ती आवडली हुती, त्येनी उभं ऱ्हावा. बाकीच्यांनी बसलं तरी चालंल."

शिट्ट्या थांबल्या. सगळेच उभे राहिले नाहीत, हेही लिहायला हवं. पण मातीतले मल्ल उभे राहिले, हलगीवाले उभे राहिले, झाडावरची माणसं खाली उतरली. पुढारीही उभे राहिले. बसून राहणं त्यांना परवडलं नसतं. मग कुणीतरी मागून "भैरू" म्हणून हाळी दिली आणि ती सगळ्या मैदानातून फिरून आली. खानमना ते नाव कालच कळलं होतं. तरी त्या ओठांतल्या ओठांत तेच म्हणत होत्या.

परतताना त्या गाडीत झोपल्या. नस्रीन म्हणाली होती की महिनोन्‌महिने आईला झोप नाही, म्हणून मी ड्रायव्हरला कुठेही न थांबता हळू चालवायला सांगितलं.

पुण्यात पोचलो तर नस्रीन दारात फोन घेऊन उभी होती. पुढाऱ्याच्या माणसांनी भाषण इंटरनेटवर टाकलं होतं, आबांचं बोलणं गाळून. तेवढ्यावर थांबलं नाही. परदेशात राहणाऱ्या काही इराण्यांनी ते उचललं, खानमना ओळखलं, आणि खाली फारसीत बेहरोजचं पूर्ण नाव आणि शहर लिहून जगभर पाठवलं. आबा त्या पुढाऱ्याच्या घरी जाऊन बसले आणि त्यांनी ते काढायला लावलं, पण तोवर ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं. नस्रीनने परदेशातल्या त्या लोकांना विनवलं. त्यांनी फार नम्रपणे उत्तर दिलं, की जगाला कळायलाच हवं.

चार दिवसांनी फरहादला चौकशीला बोलावलं. तो परत आला, पण नोकरी गेली. तिकडे फोन ऐकले जातात, म्हणून त्याने आईला एवढंच सांगितलं, की इथे थंडी आहे.

मी संतापले होते. खानम नव्हत्या. "त्यांचं चुकलं असं कसं म्हणू? मलाही वाटायचं, जगाला कळावं," त्या म्हणाल्या. "पण फरहाद जगात राहत नाही हो. तो आमच्या गल्लीत राहतो."

नातवाचं तोंड बघून त्या लगेच परत गेल्या. थांबा म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्याच जुन्या, दरबारी फारसीत निरोप घेतला. मला हसू यावं म्हणून. आलं नाही.

प्रवासाहून आल्यापासून लोक मला तोच गुऱ्हाळावरचा प्रश्न विचारतात, बाहेरच्यांनी मदत करावी की नाही. मी दोन्ही बाजू त्या एकाच घरातल्या ऐकल्या आहेत. ज्यांनी आमच्या देखत मदत केली त्यातल्या कुणी काय केलं एवढंच मला सांगता येतं.

आता तिकडच्या सरकारने फोन पुन्हा बंद केले आहेत. आबांचा मला संध्याकाळी फोन येतो. लागला का, असं विचारतात. मी नाही म्हणते. पलीकडे तालमीत कुणीतरी बैठका मारत असतं, त्याचा आवाज येत असतो. "बरं," आबा म्हणतात, "उद्या परत लावून बघा."

मी लावून बघते.