राजाची निळी काजळदाणी

नेदरलँड्सच्या पोलिसात माझी उभी हयात गेली. पुष्कळ फायली विसरलो. ब्रेडा शहरातल्या एका छोट्या संग्रहालयाची फाइल मात्र मनातून जात नाही. निवृत्तीनंतर मी कॉलेजात नाव घातलं आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना बिचकतो. भाषा चुकली तर सांभाळून घ्या. जे घडलं त्याबद्दल मात्र मला शंका नाही.

इजिप्तच्या कुणा राजाचं नाव लिहिलेली, बोटभर उंचीची निळी काजळदाणी सोमवारी सकाळी जागेवर नव्हती. आदल्या संध्याकाळी फोटोग्राफरने फोटो काढून सगळ्या वस्तू कपाटांत परत ठेवल्या होत्या. संचालकांनी तिचं नेहमीचं, मातीच्या वस्तूंचं कपाट तपासलं आणि चोरीची तक्रार दिली. दुपारी तिथल्याच एका स्वयंसेविकेचा आम्हाला फोन आला : "ती भारतीय बाई. निळी डबी पर्समध्ये टाकताना मी पाहिलं."

ती बाई म्हणजे पुण्याहून आलेली आयटी इंजिनिअर. रविवारी संग्रहालयात लोकांना माहिती सांगायची. तिचा इथे राहण्याचा परवाना नोकरीवर अवलंबून होता. चोरीचा ठपका आला असता, तर दोन्ही गेलं असतं.

जबाबाच्या खोलीत माझं आडनाव ऐकून तिने मराठीत विचारलं, "काका म्हणू की साहेब?"

"इथे साहेब. आणि सगळं रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे." पुढचं ती इंग्रजीत बोलली. तिने पर्समधून प्लास्टिकची निळी डबी काढून टेबलावर आपटली. "माझं काजळ. आईने पाठवलेलं. करा जप्त! पुरवून पुरवून वापरतेय, हेही प्राचीनच झालंय."

माझा सहकारी हसला नाही. "वस्तू परत दे, मग बघू," तो म्हणाला.

"घेतलीच नाही, तर देऊ कुठून? कबुलीजबाबावर मी सही करणार नाही."

खोटं बोलणारा माणूस बहुधा स्वतःबद्दल बोलतो. ही वस्तूबद्दल बोलत होती. "काचेच्या वस्तूंच्या कपाटात पाहिलंत?" तिने मलाच विचारलं. "ती वाळूच्या पिठाची आहे, वर झिलई. दर रविवारी लोक काचेचीच समजतात. फोटोग्राफरलाही तसंच वाटलं असेल."

तेवढ्यात वरिष्ठांचा निरोप आला, तिच्या कंपनीला कळवा. मी नाही म्हटलं. आधी कपाट.

काचेच्या अत्तरकुप्यांमागे, पातळ कागदात गुंडाळलेली काजळदाणी निघाली.

"'वस्तू सापडली' एवढंच लिहा," संचालक म्हणाले. मी लिहिलं, 'चोरी झालेली नाही.' तिला तेवढंही पुरलं नाही.

"चोर म्हणून माझं नाव चारचौघांत घेतलंत, चारचौघांतच मागे घ्या," ती संचालकांना म्हणाली.

त्यांनी घेतलं. सगळ्या स्वयंसेवकांसमोर, उभं राहून.

पुढे नोकरीभर प्रत्येक साक्षीदाराला मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारले : डोळ्यांनी काय पाहिलं, आणि त्यावरून काय ठरवलं? फोन करणाऱ्या बाईंनी निळी डबी खरंच पाहिली होती. चोर आम्ही सगळ्यांनी मिळून बनवला. कपाट उघडायच्या आधी तिला जबाबाला बोलावणारा मीच होतो.