पासष्टच्या पुढे प्रवेश नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि मी काही पोटात ठेवणारी बाई नव्हे, हे इंदूरला अन्नपूर्णा भागातल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. कुणाची सोयरीक मोडली तर बातमी माझ्याकडूनच निघते. पण हे एवढं एक — कितीदा जिभेवर आलं आणि मी वरून चहा प्यायले. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका परीने बरंच आहे.

गोष्ट कॅम्पिंगची आहे. हसू नका. तंबू, मच्छरांचं मलम आणि पाण्याच्या काठी खुर्च्या — यात कसलं आलंय पाप, असं मलाही वाटायचं.

इंदूरच्या माणसाची सहल म्हणजे काय, तर पोहे-जलेबी खाऊन निघायचं, मांडू नाहीतर ओंकारेश्वर करायचं आणि जेवायला सराफ्यातल्या खाऊगल्लीत परत. मुक्काम कशाला करायचा, घर आहे ना? पण त्या वर्षी नितीनला — माझ्या नवऱ्याला — ऑफिसात कुणी तरी फोटो दाखवले. एक मुक्काम सागाच्या जंगलात, पुढचे दोन नर्मदेच्या बॅकवॉटरला. तंबूची चेन उघडली की समोर पाणीच पाणी. आमची ओवी तेव्हा सातवीत होती, ती तर नाचायलाच लागली. ठरवायचं अर्थात मी. आमच्या घरी सगळं मीच ठरवते, कारण नितीनचं एकच — "देख ले यार, तू ही कर दे."

मग मी जेवणाच्या टेबलावर बसून सगळं शोधत होते. कुठे झाडी जास्त, कुठे संडास बरे, कुठे पाण्यापासून तंबू किती लांब. आणि खरं सांगू? मनातल्या मनात मी तिथे पोचलेही होते. उशिरा उठलेली. गुडघ्यापर्यंतची पँट घालून पाण्यात पाय सोडून बसलेली. कुणी "भाजीत गूळ घातलास का" विचारत नाही. तीन दिवस मी कुणाची सून नाही.

इथे आई येतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

त्या वाईट असत्या तर हे सांगायला सोपं गेलं असतं. नाहीत हो. मराठी शाळेत बाई होत्या, करड्या, पण मनात काही नाही. नितीनला पाच वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी कंडक्टरने विचारलंही नव्हतं, तरी यांनी स्वतःहून त्याचं अर्धं तिकीट काढलं. घरी अजून सांगतात ते. माझं त्यांच्याशी भांडण असं कधी झालं नाही. फक्त त्या घरात असल्या की माझ्या पाठीला डोळे फुटतात. झाकण जोरात पडलं तरी मी आधी दाराकडे बघते. हे काय कारण झालं? नाहीच झालं.

त्या दिवशी त्या कणीक मळत होत्या. नितीनने बॅकवॉटरचं नाव घेतलं तशा भरल्या हातांनीच बाहेर आल्या. "म्हणजे आमच्याकडचं पाणी?"

त्यांचं माहेर खंडव्याकडचं. वडील रेल्वेत होते, पुढे भाऊ तिथेच राहिला. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. लोकांनी आपापल्या हातांनी घरं मोडली, दारं-खिडक्या ट्रकवर घातल्या. आईंना शेवटचं जायचं होतं, पण तेव्हा माझे सासरे दवाखान्यात होते. राहिलं ते राहिलंच. पाणी भरलेलं त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आणि त्या म्हणाल्या, "मी येते."

"येऊ का?" असं नाही. "येते." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या बाईंनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मला हे कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं. तरी माझ्या आतून जे आलं ते असं — गेले माझे तीन दिवस.

मी कंपनीत एचआरला आहे. "पॉलिसीत बसत नाही हो" हे गोड आवाजात सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्याच आवाजात मी म्हणाले, "आई, तिथे पासष्टच्या पुढच्यांना घेत नाहीत. पाणी जवळ आहे ना, सेफ्टीचा नियम आहे."

असा काही नियम नव्हता. कुठेच नव्हता. तो मी आमच्या टेबलावर, तेवढ्या वेळात केला.

नितीन भडकला. "ये क्या फालतूगिरी है, दे नंबर, मी बोलतो." मी म्हटलं, मी बोलले आहे मॅनेजरशी, दोनदा बोलले, ऐकतच नाही तो. बघा, आता एक मॅनेजरही जन्माला आला. आईच त्याला म्हणाल्या, "जाऊ दे रे, त्यांचा नियम असेल." आणि कणकेकडे परत गेल्या.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी आज बोललेही नसते.

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते. घरात कुणी नव्हतं. आई येऊन समोर बसल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "चौसष्ट सांगितलं तर? मी दिसते का गं चौसष्टची?"

मी सांगितलं ना तुम्हाला, त्या अर्ध्या तिकिटाचं? ती बाई. केसांवरून हात फिरवत होती, मान जरा ताठ करून, मला नीट दिसावं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला निघाली होती, आणि त्यासाठी माझी परवानगी मागत होती.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं — चला आई. एवढंच. नियम-बियम काही नाही, चला. नाहीतर दुसरं खोटं तरी — बोलते मी, बघते काही होतं का. पळवाट त्यांनीच काढून दिली होती, माझीसुद्धा.

मी म्हणाले, "आधार बघतात, आई. आणि तुम्हीच असं म्हणायला लागलात तर ओवीने काय शिकायचं?"

हो, हे मी म्हणाले. शब्द न शब्द.

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "खरंच गं, म्हातारचळ लागला मला," म्हणाल्या आणि माझ्या पुढ्यातली पालेभाजी ओढून निवडायला लागल्या. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली. पण सुटले असंही वाटलं, तेही सांगायला हवं.

निघायच्या दिवशी त्यांनी दशम्या, लसणाची चटणी, शेव असं सगळं बांधून दिलं. वर एक पिशवी, ओटीची. खण, नारळ, तांदूळ. माहेर मुलीची ओटी भरतं, इथे मुलगी माहेराची भरून पाठवत होती. "पाण्यात सोड, आणि माझं नाव घे," म्हणाल्या. मी सोडली. त्यांचं नाव मात्र घेतलं नाही.

आणि ते माझे तीन दिवस? ऐका. आमच्या शेजारच्याच तंबूत एक आजी होत्या, चांगल्या ऐंशीच्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात पाय घालून बसलेल्या, नातू खांद्यावर. नितीन बघतच राहिला. "अरे, इनको कैसे लिया?" मी म्हटलं, मालकाच्या नात्यातल्या असतील. मग तिथले दोन्ही दिवस मी त्याच्या मागे मागे. तो मॅनेजरकडे गेला की मी पोचलेच. चहा सांगायला निघाला की "थांब, मी सांगते." त्या आजींनी हाक मारली तरी मी ओवीला दुसरीकडे घेऊन जायची. पाण्यात पाय सोडून मी एकदाही बसले नाही. पिंजरा मीच बांधला, राखणीलाही मीच.

पुढे आम्हाला नादच लागला. दरवर्षी निघायचो, कधी जंगल, कधी तळं. आणि नियम दरवर्षी आमच्या आधी तिथे हजर. आता मला काही बोलावंही लागत नव्हतं. ओवीने चलण्याचा आग्रह केला की आईच म्हणायच्या, "माझं वय नाही गं बसत तिथे." भजनी मंडळातल्या बायकांना समजावून सांगायच्या की पाण्याजवळ असा नियम हवाच, म्हाताऱ्या माणसांचा काय भरवसा. माझ्यासमोर. मी केलेल्या नियमाची बाजू घेऊन.

मग काचबिंदू निघाला. कडेकडेची नजर आधीच गेलेली होती, बाईंनी अंगावर काढलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. आता त्यांना उजेड कळतो, समोर माणूस उभं आहे एवढं कळतं.

आणि मग, यंदाच्या थंडीत, मी जाहीर केलं की नियम बदलला. मोठ्या माणसांनाही घेतात आता. मला वाटलं, निदान नेते तरी. खरं सांगितलं नाही. नवं खोटं रचलं आणि त्यावरून गाडी नेली. आईंनी मंडळात सांगितलं की आमच्या सूनबाईने भांडून नियम बदलून घेतला. बायकांनी माझं कौतुक केलं. मी ते घेतलं.

पाण्याच्या काठी त्यांना खुर्चीत बसवलं. माझा हात धरून ठेवला होता त्यांनी. "काय दिसतंय? देवळाचा कळस वर आलाय का? उन्हाळ्यात येतो म्हणे."

थंडी होती, पाणी काठोकाठ होतं. मी म्हटलं, "नाही आई. नुसतं पाणी आहे."

त्या हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं तुला विचारलं. नितीन असता तर मला बरं वाटावं म्हणून कळस दिसतो म्हणाला असता. तू खरं सांगतेस."

मी हात सोडवून घेतला नाही. समोर त्यांचं माहेर होतं, आणि त्या माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

हे इतकी वर्षं लिहिलं नाही. आमच्या घरात कागदाचा चिटोरा पडला तरी आई उचलून वाचायच्या. आता त्यांना वाचता येत नाही, म्हणून लिहिलं.