ओढ्यापलीकडचा धडा

माझा आवाज लहानपणापासून मोठा. माय म्हणायची, ही कानात बोलली तरी गावाला ऐकू जातं. त्याच आवाजापायी मी शाळा शिकले, आणि तीही गावात प्लेग आला म्हणून. त्या साथीत आमच्याकडची चांगली चांगली माणसं गेली, तेव्हा हे असं बोलायला बरं नाही. पण ते दिवस परत यावेत असं मला अजून वाटतं, त्याला मी तरी काय करू?

घराघरांत उंदीर मरून पडायला लागले तसं अख्खं गाव उठून रानात गेलं. ज्याच्या त्याच्या शेतात कडब्याच्या खोपी उभ्या राहिल्या. शेजारच्या हट्टा गावच्या बाजाराला जाणं बंद, एकमेकांच्या चुलीपाशी बसणं बंद. शाळाही गावाबाहेर पडली आणि आमच्या बांधावरच्या चिंचेखाली येऊन बसली. गुरुजी दम्याचे, पण नियमाचे कडक. दोन पोरांच्या मधे एक माणूस झोपेल एवढी जागा सोडायची, प्रत्येकानं आपल्या पाण्याचा तांब्या आणायचा आणि ज्याच्या खोपीत ताप असेल त्यानं यायचं नाही. गावातल्या शाळेत सरकारी उर्दूचा दरारा असायचा. रानात तपासायला कोण येतंय, म्हणून गुरुजी मोकळेपणानं मराठी शिकवायचे.

मी त्या शाळेत नव्हते. आमच्यात मुलींना शाळेत घालत नसत. मी जवळच ज्वारीत मचाणावर उभी राहून पाखरं राखायची.

ओढ्याच्या पलीकडं एकच खोप होती. त्या घरातल्या बाईला प्लेगची गाठ आली होती, म्हणून गावानं त्यांना तिकडं ठेवलं होतं. तिचा मुलगा शाळेतला, माझ्याच वयाचा. पहिल्या दिवशी गुरुजी ओढ्याच्या काठावर जाऊन त्याला धडा सांगायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला खोकत खाली बसले. मग मचाणाखाली आले.

"पोरी, तुझी हाळी पलीकडं जाते का गं?"

"जाते की. तिकडची बी पाखरं उठतेत."

"मग त्याला शाळेत बसवायचं काम तुझं."

तेव्हापासून गुरुजी चिंचेखाली सांगायचे आणि मी ते ओढ्यापलीकडं पोचवायची. सतरा एके सतरा. क्षणभरानं तिकडून त्याचा आवाज यायचा, सतरा दुणे चौतीस. कविता, पाढे, नद्यांची नावं, सगळं माझ्या गळ्यातून गेलं. अक्षर मात्र एकही दिसलं नाही, कारण पाट्या खाली आणि मी वर. पलीकडची ज्वारी एवढी उंच की तो पोरगाही मला दिसायचा नाही. नुसता आवाज. इतकी खूश मी पुढं कधी झाले नाही.

एके सकाळी मी सतरा एके म्हटलं आणि तिकडून काहीच आलं नाही. रात्रीतून त्याची माय गेली होती. मी गुरुजींकडं पाहिलं. ते म्हणाले, "आज उत्तर यायचं नाही. तू थांबू नकोस. शाळा आहे एवढं त्याला कळू दे."

मी रडत रडत पाढा पुरा केला. दुसऱ्या दिवशीही एकटीनंच म्हटला. त्यानंतर एकदा तीन त्रिक नऊ एवढं बारीकसं ऐकू आलं. आम्ही तेव्हा सतराच्या पाढ्यावर होतो, पण गुरुजी म्हणाले, चालेल, तिथून धर.

साथ हटली. घरं सारवून, निंबाच्या पाल्याचा धूर करून गाव परत गेलं. गुरुजींनी जाताना माझ्या वडलांना, आबांना विचारलं, हिला शाळेत पाठवता का. मी मचाणावर कानात प्राण आणून ऐकत होते.

"तुमी म्हणता ते बराबर हाय, गुरुजी," आबा म्हणाले. "पर पोरांत एकटी पोरगी न्हाई बसवायची. अन् पाखरं कोन राखीन?"

गुरुजी गेले. चिंचेखाली पोरांनी बसून बसून गुळगुळीत केलेली जागा तेवढी राहिली. तिच्याकडं पाहवत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी, उन्हं उतरल्यावर, ओढ्याच्या पलीकडून हाक आली. अठरा एके अठरा. शाळा सुटल्यावर तो गावातून तिथवर चालत आला होता, त्या दिवशीचा धडा घेऊन. मी उत्तर दिलं. रोज यायला लागला. मीही दुपारपासून कान लावून बसायची. उभ्या ज्वारीच्या आड कोण कुणाला काय सांगतंय, याची कुणाला फिकीर नव्हती.

मग ज्वारी काढली. रान मोकळं झालं आणि ओढ्यापलीकडचा तो सगळ्यांना दिसायला लागला. मलाही पहिल्यांदाच नीट दिसला, काटकुळा, डोक्याचे केस नुकते वाढायला लागलेले. माय माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आता पुरं झालं. लोकं पाहून राहिले."

त्यानं एकोणीस एके म्हटलं. मी खाली मान घालून कणसं गोळा करत राहिले. मग एकोणीस दुणे त्यानंच म्हटलं, त्रिक म्हटलं, आणि उत्तर येत नाही हे कळूनही शेवटपर्यंत पाढा म्हणूनच गेला.