जस्ताचं हँडल आणि सासूबाईंचा डावा हात

उल्हासनगरच्या भंगाराच्या गाळ्यात मी आणि सासूबाई पांढरा माल निवडायचो. ॲल्युमिनियम एकीकडे, जस्त दुसरीकडे. दिसायला सारखेच. सासूबाई डोळे मिटून तुकडा उजव्या हातात तोलायच्या आणि बरोब्बर ढिगात टाकायच्या. मालाला डावा हात त्यांनी कधी लावला नाही. लक्ष्मी आहे ती, म्हणायच्या.

मग त्या पडल्या आणि उजवं मनगटच मोडलं. त्यांची जागा मी घेतली. मी फार हुशार, असं तेव्हा मला वाटायचं. तुकडा घासून बघ, वास घे. एकदा तर दाताने चावूनही पाहिला. तरी अंबरनाथच्या भट्टीत माझ्या ॲल्युमिनियममधून जस्त निघालंच. गाळ्याचा सेठ मला सोडून सरळ सासूबाईंना म्हणाला, "अम्मा, फिर जस्त निकला तो काम दुसरों को दूंगा." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

भट्टीवाल्याने एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात सोडली होती. परदेशात म्हणे मशीन एक्स-रेने माल आरपार बघून वेगळा करतं. झालं. हाड जुळलं का ते बघायला बदलापूरला सासूबाईंचा पुन्हा एक्स-रे काढायचा होता. मी पिशवीत रंग दिलेली दोन हँडलं घेतली, एकाच मापाची, जुळ्या बहिणी जणू; त्यातलं एक जस्ताचं, पण कुठलं ते मला कळत नव्हतं.

एक्स-रेवाल्याने सासूबाईंचा प्लास्टरातला हात नीट ठेवला आणि मला बाहेर व्हायला सांगितलं. जाता जाता मी हँडलं हळूच त्यांच्या बोटांशेजारी सरकवली. सासूबाई बघत राहिल्या, पण परक्या माणसासमोर सुनेला काय बोलणार?

फोटो काढून झाल्यावर त्याला हँडलं दिसली. हा दवाखाना आहे की भंगारवाला, असं विचारत त्याने ती उचलून सासूबाईंच्या मोकळ्या डाव्या हातात कोंबली. त्यांनी शरमेने डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनीच एक हँडल माझ्यापुढे धरून पुटपुटल्या, "हे जस्त."

मी ते हँडल पदराच्या टोकात गाठ मारून वेगळं ठेवलं.

ओली फिल्म उजेडात धरली तर एक हँडल ताकासारखं पातळ, पलीकडचं सगळं दिसेल असं. दुसरं हाडाहूनही पांढरंशुभ्र. राग विसरून एक्स-रेवाल्यानेच सांगितलं, जस्तासारखा जड धातू किरणांना अडवतो, हलका जाऊ देतो. फिल्मवर त्या पांढऱ्या हँडलाच्या टोकाला दोन भोकं होती, पातळ दिसणाऱ्याला एकच. मी पदराची गाठ सोडली. दोन भोकं.

सासूबाई आपल्या डाव्या हाताकडे बघत बसल्या, कुणी नवीन पाहुणा आल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या तळव्याला हळदकुंकू लावलं आणि माझ्या आधी गाळ्यात जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, "तू चावू नकोस आता. नुसती बघ."

भट्टीवरून पुन्हा तक्रार आली नाही. ती फिल्म आमच्या बेलवलीच्या घरात खिडकीला लावली होती. आल्या-गेल्याला सासूबाई पांढऱ्या हँडलावर बोट ठेवून गंभीर चेहऱ्याने सांगायच्या की, माझ्या हातातून डॉक्टरने हे काढलं.