शेंदराखालची फुली

"सरकारी वकिलांनी एकदा जागा डोळ्यांनी बघावी, मग वाटेल ते बोलावं!" बुलढाण्याला गिरजाबाई माळणीच्या वकिलांनी हे भर कोर्टात सुनावलं आणि माझं डोकंच फिरलं. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचे दिवाणी दावे मी बावीस वर्षं चालवतोय, तेही कागद आणि नकाशे समोर ठेवून. यात बघायचं काय? नकाशाप्रमाणे बाईच्या मळ्यातली विहीर नाल्यालगतच्या सरकारी जमिनीत पडत होती. सरकार म्हणत होतं विहीर सोडा, बाई सोडत नव्हती. विहीर गेली की मळा गेलाच. पुढची तारीख सोमवारची होती. म्हटलं, बघतोच! जागा बघायला येतोय म्हणून बाईच्या वकिलांना तार केली आणि शुक्रवारी नागपूर सोडलं.

या बाजूला येणार असाल तर सकाळची पॅसेंजर धरा. शेगावला निम्मा डबा दर्शनाला उतरतो, मग खुशाल पाय पसरा. संध्याकाळी नांदुरा येतं. स्टेशनजवळ धर्मशाळा आहे, पण तिथे ढेकणांचा पूर्वापार ताबा आहे आणि तो उठवणं कोणत्याही कोर्टाला जमायचं नाही. अंथरूण आपलं न्या.

शनिवारी छकडा केला. भाडं आधी ठरवा; आठ आण्यांत तो वडनेर भोलजीच्या पुढेही नेतो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, थंडी बेताची, आणि गाडीवान बोलका.

"कोनाकडं जाता सायेब?"

"गिरजाबाईच्या मळ्यात."

"थे विहिरीवाली? तिचा तं सरकारसंग झगडा चालू हाये. सरकारचा वकील लय खट हाये म्हन्तात!"

"असं का?" म्हणालो आणि गाव येईपर्यंत नकाशा कोटाआड धरून बसलो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

मळ्यात गिरजाबाई उभी होती. साठीची, काटक, पदर खोचलेला. शेजारी गावचे पाटील, त्यांना मीच बोलावलं होतं. नकाशा उलगडून विचारलं, "मोजणी ज्या दगडापासून केली तो कुठंय?"

पाटलांनी नाल्याकाठचा एक दगड दाखवला. त्याला बैल बांधलेला होता.

"अवो पाटील, आता तं खरं सांगा!" गिरजाबाई उसळली. "हा माह्या सासऱ्यानं बैल बांधाले गाडला. खरा गोटा थो पाहा, मसोबा!" चाळीस पावलांवर निंबाखाली शेंदराने लालभडक झालेला एक देव बसला होता.

पाटील मान खाली घालून म्हणाले, "मोजनीवाले जोडे घालून आल्ते सायेब. देवावरून साखळी कशी वढू द्याव? म्हून म्या हा दाखवला. मंग सांगाची हिंमतच नाही झाली."

"तीन वर्सं मी सांगूनच राह्यली," गिरजाबाई म्हणाली, "पन कागदात नाही तं कोन आइकते?"

धन्य! देवाला जोडे लागू नयेत म्हणून सरकारची हद्द चाळीस पावलं सरकली होती. पण पुरावा? मोजणीच्या दगडावर फुली कोरलेली असते; बैलाच्या दगडावर ती नाही, हे कुणी बघितलंच नव्हतं. म्हणजे शेंदूर काढणं आलं. ते ऐकताच पाटील चार पावलं मागे.

"आणि फुली नाही निघाली तर?" मी बाईला विचारलं.

"मंग विहीर तुमची. देवाले न्हाऊ घालाले मी काऊन भिऊ?"

तिने हात जोडले, कोमट तेल ओतलं, शेंदराची जाड खोळ बोटांनी हळूहळू सोडवली. आणि निघाली की हो फुली! छिन्नीची, ठसठशीत. मी टाळीच वाजवली. मग आठवलं, मी सरकारचा वकील!

विरुद्ध पक्षाचं अन्न चालत नाही म्हणून पंचनामा झाल्यावर पाटलांकडे जेवलो. भाकर, ठेचा आणि भरीत. वांगी कुठल्या मळ्याची, ते विचारलं नाही.

रविवारी मलकापूरहून मोटारीने बुलढाणा. राजूरच्या घाटात डाव्या बाजूला बसा, आणि पोट जरा रिकामं ठेवा. वर हवा अशी गार की भांडायला हुरूप येतो. मला तो लागलाच. त्याच संध्याकाळी बंगल्यावर जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर साहेब कडाडले, "हरण्यासाठी का वकील ठेवलाय सरकारनं?"

"खोटं जिंकायलाही नाही ठेवला, साहेब," मी म्हणालो आणि पंचनामा पुढे केला. तासाभराने त्यांनी हक्क सोडायच्या कागदावर सही केली, पण चहा काही विचारला नाही.

सोमवारी कोर्टात उठून सांगितलं, विहिरीवर सरकारचा हक्क नाही. कोर्टाने तिथल्या तिथे बाईच्या बाजूने निकाल दिला. समोरचे वकील दोन दिवसांचं भाषण तयार करून आले होते. बिचाऱ्यांचा चेहरा पडला. बाहेर गिरजाबाईने वांग्यांची टोपली पुढे केली. मी नको म्हणालो.

"निकाल लागल्यावर कायची लाच जी? वांगे घेत नसान तं शिव्या घ्या!" आणि तिने दिल्याही, हसत हसत, डोळ्यांना पदर लावून. इतक्या गोड शिव्या मला जन्मात कुणी दिल्या नव्हत्या.

घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती पोट धरून हसली. मग ताट वाढता वाढता सहज म्हणाली, "बावीस वर्षांत जिंकलेले एवढे दावे, त्या जागा कुणी बघितल्या होत्या हो?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो तेव्हा कारकुनाने पुढच्या दाव्याचा नकाशा टेबलावर पसरला. मी तो गुंडाळून पिशवीत घातला आणि विचारलं, "या गावाला गाडी किती वाजता आहे?"