पोस्टबाईंनी उघडायला लावलेलं दार

सगळे तिला पोस्टबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती त्याच गल्ल्यांमधून सायकलवरून टपाल वाटत होती. कुठल्या घराची बेल बिघडली आहे, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो आणि कुठला खरंच चावतो, हे तिला तोंडपाठ होतं. पाकिटावर अर्धाच पत्ता असला तरी पत्र बरोबर घरी जायचं. अशा बाईला स्वतःच्या मुलीसाठी लागणारा एक पत्ता मात्र दीड वर्ष सापडला नाही.

मुलगी साडेपाच वर्षांची. घरात तिला बिट्टी म्हणत. ती चार वर्षांची असताना डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं, कागदावर 'ऑक्युपेशनल थेरपी सुरू करा' असं लिहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सरकारी दवाखान्यात चौकशी केली तेव्हा शिपाई म्हणाला, "पहिला मजला, शेवटची खोली." शेवटच्या खोलीवर 'व्यवसायोपचार विभाग', म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचीच, पाटी होती. पाटीखाली कुलूप होतं आणि कुलपाच्या वर चिकटवलेला कागद: 'पद रिक्त असल्याने विभाग बंद आहे.' त्या कागदाचा डिंकसुद्धा पिवळा पडला होता.

दुसरं केंद्र खाजगी होतं आणि दोन बस बदलून जावं लागे. बसचा ब्रेक करकरला की बिट्टी कान दाबून स्वतःच्या मनगटाला चावायची. दोनदा निघाल्या आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून मायलेकी पायी परत आल्या.

घरीही त्रास काही कमी नव्हता. डोकं धुवायचं म्हटलं की शेजाऱ्यांना वाटे, इथं कुणाचा तरी गळा दाबतायत. खाण्यात तीनच गोष्टी: कोरडा पाव, उकडलेला बटाटा आणि गार दूध. पायात बूट तर नाहीच. बिट्टीचे बाबा बस डेपोत मेकॅनिक होते आणि तोंडातून शब्द काढायला महाग. पण कपड्यांच्या आतली लेबलं तिला टोचतात हे आधी त्यांच्याच लक्षात आलं. एका सकाळी ते ब्लेड घेऊन बसले आणि कपाटातल्या प्रत्येक फ्रॉकचं लेबल उसवून टाकलं.

मग एकदा पोस्टबाईंच्या वाटेवर एक नवीन भाडेकरू आल्या आणि त्यांच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं. दार त्यांनीच उघडलं. बाई म्हाताऱ्या होत्या. बोटांचे सांधे सुजलेले, त्यामुळे सही करायलाच मिनिट लागलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा शिक्का होता: व्यवसायोपचार तज्ज्ञांची संघटना. आतलं पत्र वाचू नये हा नियम पोस्टबाईंनी कधी मोडला नव्हता, पण शिक्का काही आत नव्हता.

"बाई, तुम्ही हे काम करता?"

"करत होते. चौतीस वर्षं." त्यांनी हात पुढे केले. "आता हे बघा. मी सोडलंय सगळं."

"बरं," म्हणून पोस्टबाई तीन पायऱ्या उतरल्या आणि परत चढल्या. "एकच सांगा. साडेपाच वर्षांच्या पोरीचा कसला आलाय व्यवसाय, की त्याला उपचार लागावेत?"

म्हाताऱ्या बाई हसल्या. इतक्या मोकळ्या की सुजलेला हात दाराला टेकवावा लागला. "अगं, लहान पोराचा व्यवसाय म्हणजे खेळणं, जेवणं, बटण लावणं. तुझीचं कुठं अडतं?"

"सगळीकडेच. पण आत्ता बुटांपाशी. शाळेत अनवाणी घेत नाहीत."

"रविवारी घेऊन ये. अनवाणीच आण."

रविवारी थेरपिस्टबाईंनी पहिला तासभर बिट्टीला हातही लावला नाही. बिट्टी खोलीभर फिरली आणि शेवटी सोफा आणि भिंत यांच्या फटीत जाऊन घट्ट बसली.

"ए, बाहेर ये बघू," पोस्टबाई ओशाळून म्हणाल्या.

"राहू दे. तिला काय हवंय ते ती सांगतेय."

"अहो, ती धड चार शब्द बोलत नाही."

"अंग बोलतंय ना. तिला दाब हवाय. जड काहीतरी ढकलायला, ओढायला मिळालं की तिचं अंग शांत होईल. शांत झालं की मग बूट." थेरपिस्टबाईंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "माझ्याच्यानं होणार नाही. हात तुझे, डोकं माझं. चालेल?"

चालेल काय, धावेल! त्या दिवसापासून धुण्याच्या टोपलीत जाडजूड पुस्तकं भरून बिट्टी ती घरभर ढकलू लागली. बाबा संध्याकाळी तिला जाड रजईत गुंडाळायचे, वरून उशीने दाबायचे, आणि ती खिदळायची. मोजे उलटे करून घातले, म्हणजे शिवण बाहेर. बूट एक माप मोठे घेतले. आई सगळं करणार आणि शेवटची पट्टी तेवढी बिट्टीने चिकटवायची. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. असं शेवटाकडून सुरुवातीकडे. मध्ये दोन आठवडे सगळं बिनसलं. बिट्टीने बूट खिडकीतून फेकले आणि पोस्टबाईंनी थेरपिस्टबाईंसमोर बसून रडून घेतलं. "झालं?" त्या म्हणाल्या. "आता उद्या परत पट्टीपासून."

चौथ्या महिन्यात बिट्टी दोन्ही पायांत बूट घालून कोपऱ्यापर्यंत चालत गेली. पोस्टबाईंनी ही बातमी त्या दिवशी टपालाबरोबर घरोघर वाटली, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

बातमी पसरली तशा इतर आया येऊ लागल्या. कुणाचा मुलगा दातांना ब्रश लावू देईना, कुणाची मुलगी पेन्सिल धरेना. थेरपिस्टबाईंनी चार मुलं पाहिली, पाचव्या दिवशी हात गरम पाण्यात घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मी एकाहत्तर वर्षांची आहे. एकटी किती पुरणार? दवाखान्यातली ती खोली उघडायला हवी."

पोस्टबाई दवाखान्यात गेल्या. तिथला कारकून फाइल चाळून म्हणाला, "पद भरायला मागणी लागते. इथं शेरा आहे, मागणी नाही."

"मागणी नाही?"

"अर्जच नाहीत ना एकही."

पोस्टबाईंचा पारा चढला, पण त्या भांडल्या नाहीत. एकोणीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती: साधं पत्र कुठंही हरवू शकतं, पोचपावतीचं रजिस्टर पत्र हरवत नाही, कारण कुणाला तरी ते सही करून घ्यावंच लागतं. त्यांनी वाण्याच्या दुकानात, शाळेच्या फाटकावर आणि लहान मुलांच्या डॉक्टरांकडे 'मुलांना ही थेरपी हवी असेल तर भेटा' अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी लावली. पहिल्या आठवड्यात अकरा घरं आली, महिन्याने सदतीस झाली. थेरपिस्टबाईंच्या खोलीत जमिनीवर बसून सगळ्यांनी आरोग्य अधिकाऱ्यांना आपापली पत्रं लिहिली.

"आमची दया येईल असं नको," थेरपिस्टबाई बजावत. "काय अडतं ते लिहा. 'मुलाचे तीन दात किडलेत, कारण ब्रश लावता येत नाही.' एवढंच."

"सगळी एकदम देऊन टाकू या?" एकीने विचारलं.

"छे! गठ्ठ्याला एकच सही लागते," पोस्टबाई म्हणाल्या. "रोज एक गेलं की रोज एक सही."

सरकारी कार्यालयांच्या भागात टपाल वाटणारा पोस्टमन ताडमाड उंच होता, म्हणून त्याला सगळे लांब्या म्हणत. विसाव्या पत्रानंतर तो टपाल वेगळं करता करता म्हणाला, "पोस्टबाई, तो आरोग्य कार्यालयातला बाबू हल्ली मला बघितलं की टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागतो."

"सही घेतलीस ना?"

"घेतली. मीही वाकलो."

एकोणतिसाव्या पत्राला आरोग्य अधिकाऱ्यांनी पोस्टबाईंना बोलावणं पाठवलं. त्या इस्त्रीचा गणवेश घालून गेल्या.

"हे सगळं तुम्हीच चालवलंय ना?" साहेब म्हणाले.

"पत्रं ज्याची त्याने लिहिलीत, साहेब. मी तिकिटं कुठं लावायची ते दाखवलं."

साहेबांनी खण उघडला. एकोणतीस पत्रं, सगळी फोडलेली, काहींच्या कडेला पेन्सिलच्या खुणा. "मी वाचलीत सगळी. तो 'मागणी नाही'चा शेरा माझ्या आधीच्यांचा आहे. वरच्यांना पद भरायला लावायचं तर मला हातात कागद हवेत. अजून किती येणार आहेत?"

"आठ."

"थांबवू नका," साहेब म्हणाले.

सदतिसावं पत्र पोचल्यावर सात आठवड्यांनी पद भरल्याचा आदेश निघाला. खोली उघडायला गेले तर किल्लीच कुणाकडे नाही! शेवटी सुताराने दाराच्या बिजागऱ्याच काढल्या. आत मोडक्या खुर्च्या आणि ओल. दोन रविवार सदतीस घरांनी मिळून झाडलं, घासलं, रंगवलं. डेपोतल्या मेकॅनिकांनी छताला झोक्याचा हूक बसवला आणि तो तुटतो का हे बघायला त्याला तिघं एकदम लोंबकळले. थेरपिस्टबाई मधोमध खुर्ची टाकून, काठीने कुठं काय ठेवायचं ते दाखवत होत्या, आणि कुणाची त्यांच्यापुढे बोलायची टाप नव्हती.

नेमणूक झालेली थेरपिस्ट सव्वीस वर्षांची मुलगी होती. पहिल्या दिवशी दाराबाहेर एवढी मुलं बघून तिला घाम फुटला. पण हात मोठे हुशार होते तिचे. लवकरच तिने कोपऱ्यात एक लाकडी उतार करून घेतला आणि चाकांची बुटकी फळी आणली. फळीवर पालथं झोपायचं, उतारावरून सुसाट खाली यायचं आणि थेट उशांच्या ढिगाऱ्यात घुसायचं.

बिट्टीची पाळी दुपारी असे. एकदा पोस्टबाई टपाल संपवून गणवेशातच तिला न्यायला आल्या आणि दारात उभ्या राहून बघू लागल्या. बिट्टी सूं करून खाली आली, उशांतून डोकं वर काढलं, धावत परत वर गेली. असं सहा वेळा. केस कपाळावर चिकटलेले, आणि हसणं कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतकं मोठं.

"तुम्ही बसता का एकदा?" थेरपिस्ट मुलीने विचारलं.

"मी? या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक बाहेर आहेत."

पोस्टबाईंनी पिशवी खाली ठेवली, इकडे तिकडे बघितलं आणि उताराच्या टोकाला फळीवर पालथ्या झाल्या. बिट्टी त्यांच्या पायांशी येऊन उभी राहिली. दोन्ही तळहात तिने आईच्या बुटांच्या तळव्यांवर टेकवले, गाल फुगवले आणि सगळा जोर लावून ढकललं.