चहाच्या सुट्टीपर्यंत सुधारणारे बाप

एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातली मोठी पदवी) मार्कशीट बॅगेत घालून मी जळगावहून धुळ्याची बस पकडली, तेव्हा शिरपूर तालुक्यातलं समाजपरिवर्तन माझ्यावाचूनच अडलंय याबद्दल मला शंका नव्हती. पहिलीच नोकरी, शिरपूरच्या एका संस्थेत. रोल प्लेमध्ये (वर्गात सोंगं घेऊन केलेला सराव) मी कितीतरी हट्टी बाप सरळ केले होते. बाप व्हायची आमची एक मैत्रीण, ओढणीचा फेटा बांधून. चहाची सुट्टी जवळ आली की तिचं हटकून मतपरिवर्तन व्हायचं.

शेजारच्या आबांनी विचारलं, "काय करस माय?"

"समाजकार्य."

"चांगलं शे. पण पोटसाठे काय करस?"

मी त्यांना व्यावसायिक समाजकार्याची व्याख्या सांगितली. एरंडोलपर्यंत त्यांनी ऐकली, पुढे पारोळ्यापर्यंत ते झोपले.

धुळ्यात शेवभाजी खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सहानुभूतीचा सराव झाला तो तेवढाच.

संस्थेने पहिल्याच आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी धाडलं. तिथली कविता नावाची मुलगी नववी पास झालेली, तिला दहावी करायची होती. वडील मोठ्या गावच्या शाळेत पाठवायला तयार नव्हते. शाळा येत्या सोमवारी उघडणार होती.

वडिलांना गाव नाना म्हणे. त्यांनी खाटेवर गोधडी अंथरली, चहा दिला, माझं सगळं ऐकलं. "ताई, तू सांगस ते बठ्ठं (सगळं) खरं शे. धाडसू (पाठवीन) पोरले."

झालं! चहा संपायच्या आत बाप सुधारला. मी तरंगतच निघाले.

फाट्यापर्यंत सोबत आलेली कविता म्हणाली, "नाना बठ्ठासले हो म्हणतस. मास्तरलेबी हो म्हनेत." मग हळूच, "तू परत येशी ना?"

मला स्वतःचाच भयंकर राग आला. रोल प्लेमध्ये दुसरी भेट नसते. टाळ्या वाजतात आणि सगळे वडापाव खायला जातात.

मी तशीच मागे फिरले. मला पुन्हा दारात पाहून नानांचा चेहरा पडला. या वेळी चहा आला नाही.

"नाना, खरं सांगा."

"नही जमस ताई. शाळा सांजले सुटस. त्या टायमले बस नही. एकटी पोर पायी कशी येई?"

या बोलण्यात माझीही शेवटची बस गेली. नानांनी कुरकुरत मोटारसायकल काढली. "तुले तरी एकटी कशी धाडू?" म्हणत मला शिरपूरला सोडलं. त्यांचा मुद्दा मी सबंध रस्ताभर त्यांच्याच पाठीमागे बसून समजून घेतला.

शनिवारी जळगावला घरी निघाले. वाटेत शिरपूरच्या स्टँडवर एसटीच्या कचेरीत शिरले आणि कविताच्या गावच्या संध्याकाळच्या बसचं सांगितलं. साहेब फारच सज्जन. "हो ताई, नक्की बघतो. चहा घ्या."

मी चहा घेतला. बाहेर जळगावच्या बसने हॉर्न दिला, दिला आणि ती निघून गेली. मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"साहेब," मी म्हटलं, "कविताची शाळा परवा उघडतेय. बस कुठे अडतेय ते सांगा, मी बसलेय."